धांवत्या गाडीचा लगाम

घोड्याची कीर्ति त्याच्या धांवण्यानें होते; पण त्याच्यावर मांड ठोकणारा स्वार आधीं लगाम ओढून पाहतो. मोटारीच्या बाबतींत हें शहाणपण माणसाला बरेंच उशिरां सुचलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंजिनाची शक्ति कित्येक पटींनीं वाढली, गाडीचें अंग वारा कापीत जाईल असें निमुळतें झालें. परंतु ती गाडी थांबविण्याचें साधन दर वेळीं चार पावलें मागेंच राहिलें. वेगवान मोटारींचा इतिहास सामान्यतः त्यांच्या इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तोच ब्रेकच्या बाजूनें पाहिला तर निराळें चित्र दिसतें. जी गाडी उशिरां आणि खात्रीनें थांबूं शकते, तीच अधिक वेळ वेगानें धांवूं शकते, असें या इतिहासांतील प्रत्येक महत्त्वाचें वळण सांगतें.

ब्रेक म्हणजे चाक धरून ठेवणारा चिमटा, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ब्रेक हें धांवत्या गाडीच्या अंगची शक्ति उष्णतेंत पालटणारें यंत्र आहे. ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला कीं ती चौपट होते. सुमारें १,००० किलो वजनाची मोटार ताशीं १०० मैलांच्या वेगावरून थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेंत तीन लिटर पाणी सहज उकळीस येईल. ही उष्णता चार चाकांच्या आंतल्या लहानशा जागेंत, अवघ्या कांहीं सेकंदांत जन्मते, आणि शर्यतीच्या मार्गावर तर प्रत्येक फेरींत पुन्हां पुन्हां जन्मते. तिची वाट कशी लावावयाची, हाच ब्रेकच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाचा आरंभ मोटारीच्या आधींचा आहे. घाट उतरतांना बैलगाडीच्या धावेवर लाकूड दाबून धरणारा गाडीवान आणि इंग्लंडांतील डर्बीशायरच्या टेकड्या उतरतांना चाकावर जुना बूट दाबणारा तेथील गाडीवान, दोघांची युक्ति एकच. अशाच गाड्या पाहून हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थानें १८९७ सालीं घर्षणासाठीं टिकाऊ अस्तर तयार करण्याचा उद्योग आरंभिला. स्वतःच्या नांवाचीं अक्षरें फिरवून त्यांत एक अक्षर घातलें आणि ‘फेरोडो’ हें नांव घेतलें. १९०८ सालापासून या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरण्यांत येऊं लागला. तो उष्णतेला दाद देत नसे, म्हणून पुढें कित्येक दशकें जगभरच्या मोटारींच्या ब्रेकमध्यें तोच राहिला. त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरते हें मागाहून सिद्ध झालें आणि ब्रिटननें १९९९ सालीं त्यावर पूर्ण बंदी घातली. जुन्या गाडीचा ड्रम उघडतांना आजहि ती धूळ फुंकून उडवूं नये, असें सांगण्यांत येतें तें याचसाठीं.

पहिल्या पिढीच्या मोटारींना ब्रेक होते ते बहुधा मागच्या चाकांनाच. गाडी थांबूं लागली कीं तिचा भार पुढें झुकतो. पुढचीं चाकें जमिनीवर जोरानें दाबलीं जातात आणि मागचीं हलकीं होतात. म्हणजे ज्या चाकांची पकड कमी होत जाते, नेमक्या त्याच चाकांवर थांबविण्याचें सारें ओझें टाकलेलें होतें. तरीहि पुढच्या चाकांना ब्रेक लावण्यास लोक भीत. पुढचें चाक अडकलें तर सुकाणूच निकामी होईल आणि गाडी उलटेल, असें त्यांना वाटे. डावी-उजवीकडे वळणाऱ्या चाकापर्यंत ब्रेकची ओढ पोंचविणें हेंहि त्या काळच्या यांत्रिकांस सोपें नव्हतें.

१९१४ च्या जुलै महिन्यांत फ्रान्सांतील लिऑं येथें ग्रां प्रीची शर्यत झाली. पूजो आणि दलाज या फ्रेंच कंपन्यांच्या गाड्यांना चारी चाकांस ब्रेक होते. जर्मन मर्सिडीसला फक्त मागच्या चाकांस. पहिले तीनहि क्रमांक मर्सिडीसनें पटकाविले. पुढच्या ब्रेकविषयीं साशंक असणाऱ्यांस यापेक्षां सोयीचा पुरावा कोणता हवा होता? परंतु एका शर्यतीचा निकाल म्हणजे सृष्टीचा नियम नव्हे. १९१९ सालीं हिस्पानो-सुइझा कंपनीनें चारी चाकांस ब्रेक आणि ते लावण्यास गाडीच्याच गतीचें साहाय्य घेणारी योजना असलेली मोटार बाजारांत आणली. १९२१ सालीं ल माँ येथील फ्रेंच ग्रां प्रींत जिमी मर्फी हा अमेरिकन चालक ड्यूझेनबर्ग गाडींतून जिंकला. त्या गाडीचे चारी ब्रेक दांड्यांनीं अथवा तारांनीं नव्हे, तर नळ्यांतून जाणाऱ्या द्रवाच्या दाबानें लागत होते.

जुन्या घडणीच्या गाडीला नवे ब्रेक बसविल्यानें काय घडतें, याचें पहिलें ठळक उदाहरण याच ल माँ गांवीं दोन वर्षांनीं मिळालें. १९२३ च्या मे महिन्यांत तेथें चोवीस तासांची शर्यत प्रथमच भरली. जॉन डफ नांवाच्या धाडसी चालकानें आपली तीन लिटर इंजिनाची बेंटली मोटार तींत उतरविली. त्याचा जोडीदार फ्रँक क्लेमंट हा बेंटली कंपनीचा चाचणी-चालक. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा या धाडसावर फारसा विश्वास नव्हता. सतरा किलोमीटरांहून लांब असा तो मार्ग म्हणजे नेहमींच्या रहदारीचेच खडबडीत रस्ते. आणि त्यांवर या गाडीला ब्रेक होते ते केवळ मागच्या दोन चाकांना! इंजिन मात्र असें खणखणीत, कीं शर्यतींतील सर्वांत वेगवान फेरी याच गाडीनें केली. पुढें एका उडालेल्या दगडानें पेट्रोलची टाकी फुटली आणि गाडी मार्गांतच उभी राहिली. डफ पायीं परत आला. क्लेमंट सायकलवरून पेट्रोल घेऊन गेला, टाकीचें भोंक बुजविलें आणि गाडी पुन्हां चालूं केली. इतकें होऊनहि बेंटली चौथ्या क्रमांकाच्या बरोबरीस राहिली.

पुढच्या वर्षीं तीच जोडी त्याच जातीची गाडी घेऊन परत आली. या खेपेस दिव्यांवर आणि टाकीवर दगडांपासून संरक्षण होतें; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पुढच्या चाकांनाहि ब्रेक होते. १९२४ ची ती शर्यत डफ आणि क्लेमंट यांनीं जिंकली. एवढ्या मोठ्या शर्यतींतील यश एकट्या ब्रेकच्या पदरीं घालतां येणार नाहीं, हें खरें; पण त्याच सुमारास बेंटलीच्या ग्राहकांनाहि चारी चाकांचे ब्रेक मिळूं लागले, आणि आधीं विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांच्या मालकांनीं आपल्या गाड्यांना पुढचे ब्रेक मागाहून बसवून घेतले. जुन्या गाडीच्या ब्रेकची सुधारणा ही आजच्या छंदिष्टांनीं काढलेली टूम नव्हे. ती त्या गाड्या तरुण असतांनाच सुरू झालेली आहे.

चार चाकांचा वाद मिटला तेव्हां दुसरा उभा राहिला: दांड्या-तारा कीं द्रवाचा दाब? तार तुटली तर दिसते, ढिली पडली तर आवळतां येते. परंतु नळींतील द्रव गळून गेला तर काय, असें जुने यांत्रिक विचारीत. एम.जी. मिजेट या लोकप्रिय छोट्या गाडीला १९३६ च्या टी.ए. नमुन्यापासून द्रवाचे ब्रेक आले. बुगाटीच्या प्रसिद्ध टाइप ५७ ला ते १९३८ च्या सुमारास मिळाले. द्रवाचा मोठा गुण म्हणजे त्याचा दाब सर्व नळ्यांत सारखा राहतो, त्यामुळें एका बाजूचें चाक आधीं धरलें जाऊन गाडी ओढली जाण्याचा संभव कमी होतो. जुन्या यांत्रिकांची शंका मात्र अगदींच पोकळ नव्हती. एकाच सिलिंडरवर चारी चाकें अवलंबून असल्यास एका गळतीनें सारे ब्रेक जातात. त्यावर दोन स्वतंत्र मार्गांची योजना हा उपाय निघाला. पण तो सर्वत्र रूढ होण्यास १९६० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

एवढें होऊनहि उष्णतेचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. ड्रमच्या ब्रेकमध्यें चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आंतल्या अंगास अर्धवर्तुळाकार शू दाबले जातात. पुनःपुन्हां ब्रेक लावले कीं डबा तापतो, फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. तापलेल्या अस्तराचें घर्षणहि मंदावतें. पाय खालीं जात राहतो आणि गाडी मात्र थांबत नाहीं. घाटांत वा शर्यतींत हा अनुभव ज्याला एकदां आला, तो तो जन्मभर विसरत नाहीं.

१९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या प्रदर्शनांत जॅग्वार एक्स.के. १२० ही मोटार प्रथम दिसली. तिच्या ३,४४२ घन सेंटिमीटरांच्या इंजिनाची शक्ति १६० अश्वांची, आणि नांवांतील आंकडा म्हणजे ताशीं १२० मैलांचें आश्वासन. १९४९ च्या मे महिन्यांत बेल्जममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर तिनें ताशीं १३२ मैलांहून अधिक वेग गाठून तें आश्वासन पुरेपूर पाळलें. पण तिचे ड्रम रुंद पत्र्याआड, वाऱ्यापासून दूर दडलेले होते. १९५० सालीं अशा तीन गाड्या ल माँच्या शर्यतींत उतरल्या. लेस्ली जॉन्सन आणि बर्ट हॅडली यांची गाडी आघाडीच्या गाड्यांत टिकून होती. परंतु ब्रेक क्षीण होत गेले तसतसें गिअर उतरवून इंजिनाच्या ओढीनें गाडी आवरावी लागली. तो ताण क्लचला सोसला नाहीं आणि शर्यत संपण्यास थोडेच तास उरले असतां गाडी बाद झाली. मोडला क्लच, पण दुखणें ब्रेकचें होतें.

या दुखण्यावरचें औषध तसें जुनेंच होतें. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरावयाची, ही कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें १९०२ सालींच नोंदविली होती. पण त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांत आणि उपलब्ध धातूंत ती टिकली नाहीं. पुढें विमानांच्या चाकांवर तिचा चांगला उपयोग झाला, आणि तेथून डनलॉप कंपनीनें ती मोटारींकडे वळविली. जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर तिचे प्रयोग सुरू झाले. प्रयोगांत द्रव तापून उकळे, त्यांत वाफेचे बुडबुडे होत आणि चालकाचा पाय पोकळींत गेल्यासारखा तळाशीं जाई. नॉर्मन ड्यूइस हा चाचणी-चालक या अनुभवांतून शेंकडों मैल गेला. १९५२ सालीं स्टर्लिंग मॉसबरोबर तो इटलींतील मिल्ले मिल्या शर्यतींत तबकडी-ब्रेकची गाडी घेऊन उतरला. गाडी शेवटपर्यंत पोंचली नाहीं. पण त्याच वर्षींच्या जून महिन्यांत फ्रान्समधील रँस येथें मॉसनें अशाच गाडींतून शर्यत जिंकली.

खरी परीक्षा १९५३ च्या ल माँची होती. तेथें त्या वेळीं सुमारें सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता, आणि त्याच्या शेवटीं म्यूल्सान गांवापाशीं एकदम काटकोनी वळण. प्रत्येक फेरींत ताशीं सुमारें दीडशें मैलांवरून गाडी अगदीं कमी गतीवर आणावी लागे. फेरारीच्या गाड्यांचीं इंजिनें जॅग्वारहून बलवान होतीं; पण त्यांच्या चालकांना ब्रेकची चिंता वाहत लवकर पाय उचलावा लागे. जॅग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक लावीत, आणि चोवीस तासांच्या अखेरीसहि तितक्याच विश्वासानें लावीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन पहिले आले. जॅग्वारनें दुसरा आणि चौथा क्रमांकहि मिळविला. आदल्या वर्षीं विजेत्या गाडीचा सरासरी वेग ताशीं ९६ मैलांच्या वर होता. या वर्षीं तो १०५ मैलांवर गेला. ल माँच्या इतिहासांत शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. गाड्यांचें वजन कमी केलेलें होतें, इंजिनेंहि थोडीं सुधारलेलीं होतीं; तरी हा विजय मुख्यतः ब्रेकचा होता, याविषयीं जाणकारांत दुमत नाहीं.

मात्र थांबण्याची शक्ति सर्वांना सारखी नसली तर तिच्यांतूनहि धोका निघतो. १९५५ च्या ल माँ शर्यतींत हॉथॉर्नची जॅग्वार पुढें जाऊन थांब्याकडे वळण्यासाठीं मंदावली. मागून येणारी ऑस्टिन-हीली बाजूला झाली आणि पिएर लवेग याची मर्सिडीस तिच्यावर आदळून प्रेक्षकांत शिरली. ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. मर्सिडीसला ड्रमचेच ब्रेक होते. त्यांच्या साहाय्यास चालकाच्या मागें वारा अडविणारा एक मोठा पत्रा उभा राहात असे. चौकशींत कोणाहि चालकास दोषी धरण्यांत आलें नाहीं. कमी वेगाच्या काळांत आंखलेला अरुंद मार्ग या वेगांना पुरा पडणारा नव्हता, हें मात्र सर्वांस दिसून आलें.

एवढा पुरावा समोर असूनहि फेरारी कंपनी ड्रमला चिकटून राहिली. पीटर कॉलिन्स या तिच्याच चालकानें स्वतःच्या वापरांतील फेरारीला डनलॉपचे तबकडी-ब्रेक बसवून घेतले होते. १९५८ च्या ऑगस्टांत जर्मनींतील शर्यतींत कॉलिन्सचा मृत्यु झाला. पुढच्याच महिन्यांत मोंझा येथें त्याचा जिवलग मित्र माइक हॉथॉर्न शर्यतींत उतरला, तेव्हां कॉलिन्सच्या त्या खाजगी गाडीवरचे ब्रेक काढून त्याच्या डिनो गाडीला जुळवून बसविण्यांत आले होते. हॉथॉर्न दुसरा आला, आणि त्या वर्षाचें जागतिक अजिंक्यपद त्यानें अवघ्या एका गुणाच्या अंतरानें मिळविलें. एका मित्राची दूरदृष्टि दुसऱ्याच्या कामीं आली. पण ती ज्याची होती, तो हें पाहण्यास राहिला नव्हता.

शर्यतींतून ही सुधारणा रस्त्यावर उतरण्यास फार काळ लागला नाहीं. ट्रायम्फ टी.आर. ३ ला १९५६ सालीं, जॅग्वार एक्स.के. १५० ला १९५७ सालीं आणि एम.जी.ए. ला १९५९ च्या १६०० नमुन्यांत तबकडी-ब्रेक मिळाले. मग त्यांच्या थोरल्या भावंडांचे मालक साहजिकच विचारूं लागले: धाकट्याला जें मिळालें तें आमच्या गाडीला कां मिळूं नये? सुमारें १२,००० एक्स.के. १२० गाड्या बांधल्या गेल्या होत्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांना पुढील काळांत तबकडी-ब्रेक बसविण्यांत आले, आणि ही प्रथा आजहि चालूं आहे.

परंतु ब्रेक ही एकटी वस्तु नव्हे, ती एक सांखळी आहे; एक कडी मजबूत केली कीं ताण दुसरीवर जातो. ड्रमच्या ब्रेकमध्यें चाकाच्या फिरण्यानेंच पुढचा शू आंत ओढला जातो आणि चालकाच्या पायाचें बळ आपोआप वाढतें. तबकडीला हें साहाय्य नाहीं. म्हणून पाय अधिक जोरानें दाबावा लागतो किंवा जोर वाढविणारें सर्व्हो यंत्र जोडावें लागतें. तबकडीच्या चिमट्यांतील दट्ट्ये मोठे असल्यानें त्यांना द्रवहि अधिक लागतो. जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवल्यास पाय तळाशीं जातो. शिवाय ड्रमसाठीं नळींत थोडा दाब कायम राखणारी झडप असे. ती काढावयाची राहिली तर पॅड तबकडीला सतत घांसत राहतात आणि ब्रेक न लावतांच तापतात. मागचे ब्रेक पुढच्यांहून बलवान झाले तर तीं चाकें आधीं अडकतात आणि गाडी स्वतःभोंवतीं गिरकी घेते. पुढचे ब्रेक जोरकस झाले कीं जुन्या आंसावर आणि त्याच्या कमानींवर पूर्वीं नसलेला पीळ पडतो. आणि सर्वांच्या शेवटीं उभा असतो टायर. त्याची जमिनीवरची पकड जेवढी, त्याहून अधिक ब्रेक जगांतील कोणतेंहि यंत्र देऊं शकत नाहीं.

म्हणून अनुभवी कारागीर नव्या सामानाच्या आधीं जुन्याची दुरुस्ती सांगतात. रबराच्या नळ्या आंतून फुगलेल्या असतात, सिलिंडर गंजलेले असतात, आणि ब्रेक ऑइल हवेंतील पाणी शोषून घेऊन लवकर उकळण्याजोगें झालेलें असतें. एवढें नीट केलें तरी पुष्कळ गाड्या त्यांच्या निर्मात्यांनीं योजिल्याप्रमाणें थांबूं लागतात. त्याउपर ज्यांना सुधारणा हवी, त्यांना उष्णता लवकर बाहेर टाकणाऱ्या अल्युमिनियमच्या पंखेदार ड्रमचा मार्ग आहे. त्याहि पुढें तबकडीचा. जो शहाणा मालक तबकडी बसवितो, तो मूळचे ड्रम तेल लावून, गुंडाळून कपाटांत ठेवतो. गाडीला भोंक पाडावें लागेल अशी जोडणी तो टाळतो.

जुनी गाडी जशी होती तशीच राखावी, असा आग्रह धरणारे आणि आजच्या रहदारींत ती सुरक्षित चालावी, असें म्हणणारे, यांचा वाद आजहि मिटलेला नाहीं. दोघांचेंहि म्हणणें आदराला पात्र आहे. मूळ वस्तु एकदां नष्ट झाली कीं परत मिळत नाहीं. आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाला, समोरून येणारी गाडी कोणत्या सालची आहे हें विचारून बाजूला होतां येत नाहीं. परंतु ज्या गाड्यांच्या शुद्धतेसाठीं हा वाद चालतो, त्यांच्याच आयुष्यांत त्याचें उत्तर सांपडतें. १९२१ वा १९२२ सालच्या एखाद्या बेंटलीला तिच्या पहिल्या मालकानें मागाहून बसविलेले पुढचे ब्रेक त्या वेळीं कित्येकांना आगंतुक वाटले असतील. आज तेच ब्रेक तिच्या इतिहासाचा भाग म्हणून जपले जातात. गाडी ज्या दिवशीं कारखान्यांतून निघाली त्या दिवसापुरतें तिचें चरित्र संपत नाहीं. तिला सुखरूप घरीं आणण्यासाठीं ज्यांनीं ज्यांनीं हात लावला, त्यांच्या हातांच्या खुणाहि त्या चरित्रांतच मोडतात.